माळ्यावरचा बाण

दिवाळीच्या सुट्टीत पौडच्या घराचा माळा आवरायला काढला. मुळशीचा पावसाळा म्हणजे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या, त्यामुळे पाऊस गेला की माळ्यावरचं सगळं उन्हात घालावं लागतं. मदतीला पुण्याहून आलेला पुतण्या होता. नववीतला मुलगा, काम कमी आणि चौकशा जास्त. गोधड्यांच्या गाठोड्यामागून त्याने एक खोका ओढला आणि विचारलं, "चाचू, हा कीबोर्ड कुठल्या कॉम्प्युटरचा?"

आम्ही म्हणालो, "बेटा, हा नुसता कीबोर्ड नाही. अख्खा कॉम्प्युटर हाच."

वाचकहो, तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' होता. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली इंग्लंडात स्पेक्ट्रम नावाचा स्वस्त घरगुती संगणक काढला. त्याच्या सुधारित मॉडेलचा परवाना घेऊन डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये तो भारतात आणला. स्मृती ४८ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला साधा कॅसेट टेपरेकॉर्डर.

आमच्या घरी तो चाचाजानांनी आणला. तेव्हा आम्ही तिसरीत होतो आणि भाईजान आठवीत. 'जे'ची कळ दाबली की पडद्यावर 'लोड' हा अख्खा शब्द उमटायचा. मग टेप सुरू करायची. कर्कश आवाज, पडद्याच्या कडेला पिवळ्या-निळ्या पट्ट्या, आणि चार-पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

या सगळ्या खटाटोपानंतर जो खेळ उघडायचा त्याचं नाव 'जेट सेट विली'. मॅथ्यू स्मिथ नावाच्या, विशीही न ओलांडलेल्या इंग्रज तरुणाने तो १९८४ मध्ये लिहिला. विलीच्या बंगल्यात मोठी दावत झाली आहे आणि सगळीकडे पसारा पडला आहे. तो आवरल्याशिवाय मारिया नावाची घरकाम करणारी बाई विलीला बिछान्याकडे जाऊ देत नाही. खोल्या ६०, गोळा करायच्या वस्तू ८३. उडी एक केसभर चुकली की जीव गेला. सर्वात वाईट म्हणजे, मेल्यावर विली त्या खोलीत जिथून शिरला तिथूनच पुन्हा सुरू व्हायचा. वरच्या खोलीतून कोसळला असेल तर पुन्हा तिथूनच कोसळायचा, पुन्हा मरायचा. पडद्याच्या तळाशी नाचणारे शिल्लक जीव डोळ्यांदेखत संपायचे आणि आपण नुसतं बघत राहायचं. खेळ मधेच जपून ठेवायची सोय नव्हती.

आम्ही मुलं पाच-सहा खोल्यांत गारद व्हायचो. भाईजान मात्र पुढे जायचे. एके दिवशी ते बंगल्याच्या माळ्यापर्यंत पोहोचले. आमच्या सगळ्या गल्लीत तिथवर जाणारे ते एकटेच! पण त्यानंतर खेळ विचित्र वागू लागला. काही खोल्यांत पाऊल टाकताच, समोर काहीच नसताना विली मरायचा. नव्याने डाव मांडला तरी तेच. कॅसेट पुन्हा चढवली की खेळ ठीक चालायचा, आणि भाईजान माळ्यावर जाऊन आले की पुन्हा बिघडायचा.

घरच्यांनी हिशेब सरळ मांडला. बाकीची मुलं खेळतात तेव्हा यंत्र नीट चालतं, हा बसला की बिघडतं. म्हणजे हाच कळा दणादणा आपटतो. अब्बांनी यंत्र खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. भाईजान काही बोलले नाहीत. पण त्यानंतर घरात रेडिओ बंद पडो की मिक्सर, "भाईजानने हात लावला होता का?" हा विनोद कायमचा झाला. आम्हीही तो कितीदा केला असेल.

आता खोक्यातल्या यंत्राने काही जीव धरला नाही. इतक्या पावसाळ्यांची ओल त्याने खाल्ली होती. पुतण्याने आपल्या लॅपटॉपवर त्या जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम घातला आणि विली पुन्हा आमच्यासमोर नाचू लागला. पन्नाशीकडे झुकलेल्या बोटांनी आम्ही तिसऱ्या खोलीत मेलो. पुतण्याला मात्र हवं तिथे खेळ जपून ठेवता येत होता. दोन दिवसांत तो माळ्यावर गेला, आणि मग त्याचाही विली विनाकारण मरू लागला. पण आजची मुलं स्वतःला दोष देत बसत नाहीत. त्याने शोध घेतला आणि म्हणाला, "चाचू, खेळच चुकीचा आहे!"

झालं होतं ते असं. माळ्याच्या खोलीत एक बाण सुटतो. त्याचा मार्ग लिहिताना चूक झाली होती. पडद्यावरचं चित्र स्मृतीच्या ज्या भागात ठेवलेलं असतं, त्याची हद्द ओलांडून बाण पुढे जायचा आणि शेजारीच साठवलेली खेळाची माहिती पुसून तिथे भलतंच लिहायचा. एखाद्या मुलाने लिहिता लिहिता समास ओलांडून शेजारच्याच्या वहीवर रेघोट्या माराव्यात, तसं. त्यामुळे प्रार्थनाघरातले राक्षस गायब व्हायचे आणि काही खोल्या जीवघेण्या व्हायच्या. म्हणजे बाजारात आलेला मूळ खेळ पूर्ण करणं कुणालाच शक्य नव्हतं. प्रकाशकांनी आधी सांगून पाहिलं की त्या खोल्यांत विषारी वायू आहे, तो मुद्दामच ठेवला आहे. पुढे ते म्हणणं मागे घेऊन त्यांनी दुरुस्ती जाहीर केली. स्मृतीतले मोजके आकडे बदलायचे, बस्स.

ही चूक आम्हाला कधीच दिसली नाही, कारण आम्ही तिथवर पोहोचलोच नव्हतो. ती फक्त भाईजानना दिसली, आणि ठपकाही त्यांच्यावरच आला.

रात्री त्यांना फोन केला. सगळं ऐकून ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी बिघडवलं नव्हतं तर." वयाची पन्नाशी ओलांडलेला माणूस! आम्ही माफी मागितली तर ते हसले, "जाऊ दे रे." अब्बा आज असते तर त्यांनाही सांगितलं असतं.

फोन ठेवला तेव्हा टेबलावर आठवीच्या मराठीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका होत्या. एका मुलीने उताऱ्यावरच्या एका प्रश्नाला लिहिलं होतं, "याचे उत्तर उताऱ्यात नाही." आम्ही शून्य दिलं होतं. बाकीच्यांनी उताऱ्यातलं कुठलंही वाक्य उतरवून दोनपैकी एक गुण मिळवला होता. आता प्रश्नपत्रिका काढून उतारा पुन्हा वाचला. एका पानावर बसावा म्हणून आम्हीच त्याच्या दोन ओळी कापल्या होत्या, आणि उत्तर नेमकं त्याच ओळींत होतं.

शाळा उघडल्यावर वर्गात उभं राहून सांगितलं की प्रश्न आमचा चुकला होता. तिचे दोन गुण तिला दिले. ती म्हणाली, "सर, मला वाटलं, मलाच सापडत नाहीये."

मूल अडलं की आपण आधी मुलाकडे बघतो. घरी असो की वर्गात, एकदा प्रश्नाकडेही बघून घ्यावं, विशेषतः अडलेलं मूल इतरांपेक्षा पुढे जाणारं असेल तर.

पुतण्याने ते आकडे बदलून खेळ दुरुस्त केला आहे. येत्या रविवारी भाईजान पौडला येणार आहेत. माळ्याच्या पुढच्या खोल्या बघायच्या राहिल्यात, म्हणतात.