दया नव्हे, न्याय

दारिद्र्य हें आळसाचें फळ होय, असें पुष्कळांचें मत आहे. आम्हांस तें पटत नाहीं. आपल्या पुण्यांत कचरा वेचणाऱ्या स्त्रिया भल्या पहाटे कामास लागत. तरी दारिद्र्य त्यांची पाठ सोडीत नसे. उणीव श्रमाची नव्हती, श्रमाच्या मान्यतेची होती.

१९९३ सालीं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन होऊन ह्या स्त्रिया संघटित झाल्या. पुढें २००८ सालीं त्यांच्याच ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेनें महानगरपालिकेशीं करार केला. घरोघरचा कचरा गोळा करावा, त्याबद्दल दर घरामागें दरमहा शुल्क घ्यावें, आणि कागद, पत्रा इत्यादि विकून येणारे पैसे स्वतःकडे ठेवावे, अशी ही व्यवस्था. मानानें पोट भरण्याचा हा मार्ग त्यांस एकजुटीनें सांपडला.

कोणी म्हणेल, शुल्क दिलें कीं आमचें कर्तव्य संपलें. आम्ही विचारतों, दिवाळींत जुनें लुगडें देऊन समाधान पावणाऱ्या आपल्या घरांतूनच ओल्या कचऱ्यांत फुटकी कांच जात नाहीं काय? त्या कांचेनें हात कापला कीं त्या दिवसाची कमाई बुडते. लुगड्यानें ती भरून निघत नाहीं.

विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, ओला व सुका कचरा निराळा ठेवणें, कांच कागदांत गुंडाळून देणें, आणि दाराशीं आलेल्या बाईस ‘कचरेवाली’ न म्हणतां ‘मावशी’ म्हणणें, यास पैसा लागत नाहीं. वडील मंडळींनींहि एवढें ध्यानांत घ्यावें कीं, मुलें हें घरींच शिकतात.