हडपसरची लढाई आणि युरोपातील युद्धे

इतिहासाच्या अभ्यासक्रमातून युरोपातील आणि वसाहतींमधील युद्धे काढून टाकावीत, असे प्रतिपादन अधूनमधून मोठ्या आवेशाने केले जाते. परक्यांच्या लढायांशी येथील विद्यार्थ्यांना कर्तव्य नाही, लढाया म्हणजे सनावळ्यांचे ओझे, आणि मराठी सत्ता बुडाली ती घरच्या दुहीने. सबब हडपसरची लढाई शिकवायची तर शिंदे-होळकरांचे वैर सांगून पुढे जावे, असे या पक्षाचे म्हणणे आहे.

सनावळ्यांचा आक्षेप शिकवण्याच्या रीतीवर आहे, विषयावर नाही. त्याला एवढे उत्तर पुरे. दुहीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा हडपसरजवळ मोड केला. त्यांचे बंधू विठोजी यांना आदल्या वर्षी पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु वैरामुळे लढाई का पेटली एवढेच कळते, ती कशी लढली गेली हे कळत नाही. दोन्ही बाजूंना कंपू, म्हणजे कवायती पायदळाच्या पलटणी आणि त्यांच्याबरोबरचा तोफखाना, उभे होते. शिंद्यांच्या पलटणींचा नायक कॅप्टन डॉज रणात पडला, होळकरांकडील हार्डिंगही पडला, आणि अखेर स्वतः यशवंतरावांनी घोडदळासह तोफांवर घातलेल्या हल्ल्याने निकाल लागला. ज्याला हे केवळ घरचे भांडण वाटते, त्याने हे गोरे सरदार हडपसरच्या माळावर कोठून आले, याचे उत्तर द्यावे.

ते उत्तर युरोपातच सापडते. चकमकीची बंदूक आणि तिच्या टोकाला लावायची संगीन आल्यावर तेथील भालाईत निरुपयोगी झाले, एका हुकमासरशी बार काढणाऱ्या रांगा उभ्या राहिल्या, आणि या कवायतीत तयार झालेले अधिकारी चाकरीच्या शोधात जगभर फिरू लागले. महादजी शिंद्यांचे कंपू उभारणारा डी बॉइन हा सव्हॉय प्रांताचा होता आणि फ्रान्स व रशिया यांच्या सैन्यांतून फिरून येथे आला होता. अशा फौजेला दरमहा रोख पगार लागतो. त्यासाठी महादजींना दुआबातील मुलूख तोडून द्यावा लागला. दौलतीची घडी बदलली ती येथे, आणि दुहीचा एकच धडा गिरवणाऱ्याला ती दिसणेच शक्य नाही.

गनिमी कावा सोडला म्हणून राज्य गेले, हा जुना वादही येथे पुन्हा उकरला जातो. १७९३ साली लाखेरीला डी बॉइनच्या कंपूंनी होळकरांचा मोड केला, तेव्हाच त्याचा निकाल लागला होता. यशवंतरावांनी पुढे कंपू वाढवले ते हौसेखातर नव्हे. खरा धोका चाकरीच्या अटींत होता. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध पेटताच ईस्ट इंडिया कंपनीने चाकरी सोडून येण्याचा जाहीरनामा काढला आणि शिंद्यांकडील अनेक इंग्रज अधिकारी फौज सोडून निघून गेले. तरीही त्याच युद्धातील असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांकडील पंधराशेहून अधिक माणसे ठार वा जखमी केली, हे विसरता कामा नये.

हडपसरनंतर पळालेल्या पेशवा बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला, तैनाती फौज, म्हणजे स्वखर्चाने पोसायची कंपनीची फौज, पत्करली, तिच्यासाठी २६ लाखांचा मुलूख दिला, आणि इंग्रजांशी शत्रुत्व असलेल्या युरोपीयांना चाकरीत न ठेवण्याचेही मान्य केले. हे शेवटचे कलम फ्रान्सच्या भीतीतून आले होते. बाजीराव १३ मे १८०३ रोजी पुन्हा मसनदीवर बसला आणि पाचच दिवसांनी ब्रिटनने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले.

म्हणून अध्यापनाचा प्रारंभ हडपसरपासूनच व्हावा, पण तो तेथेच थांबू नये. वानवडीला महादजींची छत्री आहे. तेथे विद्यार्थ्यांना नेऊन कंपूंचा खर्च कोणी आणि कशातून दिला हे विचारावे, आणि वसईच्या तहाची कलमे त्याच वर्षी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात झालेल्या आमियाँच्या तहाशेजारी ठेवून वाचून घ्यावीत.