पगारातला कर आणि विधिमंडळाची देखरेख



"आपण केंद्र सरकारचे कर्मचारी. राज्याच्या कारभाराशी आपला काय संबंध?" हा प्रश्न शाखांच्या सभांत हमखास निघतो. त्याचे उत्तर आपल्या पगारपत्रकातच आहे. महाराष्ट्रात आपल्यापैकी बहुतेकांच्या पगारातून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. वर्षाचे झाले 2,500. भोपाळ, हुबळी, सिकंदराबाद येथल्या मराठी बांधवांच्या पगारातूनही त्या त्या राज्याचा व्यवसाय कर जातोच.

महाराष्ट्रात हा कर 1975 साली बसला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. 1972 च्या दुष्काळात ही योजना राज्यभर आली. तिचे जनक वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून पगारदाराने वाटा उचलायचा, असा हा व्यवहार होता. आपल्यातल्या कित्येकांच्या आईवडिलांनी दुष्काळात खडी फोडून घर चालवले आहे. तेव्हा या कराला कामगारांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. पण पैसा दिला म्हणजे हिशेब मागण्याचा हक्कही आला.

हा हिशेब आपल्या वतीने मागायचा कोणी? घटनेने हे काम विधिमंडळाकडे दिले आहे. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना वर्तमानपत्रांत गाजतात. खरी तपासणी समित्यांत व्हायची असते. लोकलेखा समिती, अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, पंचायत राज समिती, रोजगार हमी योजना समिती अशी त्यांची नावे. राज्याच्या हिशेबांवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल घटनेच्या 151 व्या कलमानुसार राज्यपालांमार्फत सभागृहापुढे येतो. मग लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना बोलावून साक्ष घेते. पैसा मंजूर झाला तो खर्च का झाला नाही, झाला तर काम कुठे आहे, हे विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

प्रत्यक्षात काय होते? हे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवले जातात. आमदारांनी ते वाचायचे केव्हा आणि बोलायचे केव्हा? 2024 चे नागपूरचे हिवाळी अधिवेशन 16 ते 21 डिसेंबर, म्हणजे आठवडाभरातच आटोपले. समितीपुढे विषय येईपर्यंत जबाबदार अधिकाऱ्याची बदली किंवा निवृत्ती झालेली असते. आमच्या पोस्टमास्तराच्या रोकडीत शंभर रुपये कमी पडले, तर त्याच संध्याकाळी खुलासा मागतात. कोट्यवधींच्या योजनेला मात्र वर्षानुवर्षे सवलत!

दौऱ्यांची कथा तर आणखी वेगळी. मे 2025 मध्ये अंदाज समिती धुळे दौऱ्यावर असताना तेथील सरकारी विश्रामगृहाच्या एका खोलीत 1 कोटी 80 लाखांहून अधिक रोकड सापडली. ती समितीसाठीच जमवली होती असा आरोप झाला. समितीच्या अध्यक्षांनी तो नाकारला. चौकशीसाठी विशेष पथक नेमण्याची घोषणाही झाली. आरोपाचा निकाल पुराव्यावर लागेल. पण तपासणाऱ्यावरच संशय यावा, यात लोकशाहीचे केवढे नुकसान आहे!

म्हणून समित्याच मोडीत काढा, असे कोणी म्हणेल तर ते चूक आहे. साहेबांची वार्षिक तपासणी आली की स्टेशनला चुना लागतो, कुंड्या येतात, हे आपण जाणतो. पण गाडी सुखरूप जाते ती रोज हातोडा घेऊन रूळ तपासत चालणाऱ्या कीमनमुळे. विधिमंडळाची देखरेख अशी रोजची हवी. अहवाल न वाचण्याची किंमत आपल्या खात्यानेही पाहिली आहे. रुळांच्या तपासणीतल्या त्रुटी दाखवणारा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर 2022 मध्ये संसदेपुढे आला. देशभर त्याची चर्चा झाली ती जून 2023 मध्ये बालासोरला शेकडो प्रवासी दगावल्यावर. त्या अपघाताचे मूळ सिग्नल यंत्रणेत निघाले, पण अहवाल वाचायला अपघात घडावा लागला, ही गोष्ट उरतेच.

आमच्या मागण्या साध्या आहेत. लेखापरीक्षा अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात मांडा आणि त्यावर चर्चेला दिवस राखून ठेवा. समित्यांच्या शिफारशींवर कोणत्या खात्याने काय केले, ते दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करा. समितीच्या दौऱ्याचा खर्च कोणी केला, तोही जाहीर करा.

शाखांनीही स्वस्थ बसू नये. व्यवसाय कराचा किती पैसा रोजगार हमीवर खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आपल्या आमदाराला लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. उत्तर आले नाही तर विधानसभेच्या विनंती अर्ज समितीचा मार्ग खुला आहे. महागाई भत्त्याचा पै-पै हिशेब आपण करतोच. पगारातून जाणाऱ्या अडीच हजारांचाही हिशेब मागू या. आमदार जागा राहायचा असेल, तर आधी मतदाराने जागे राहिले पाहिजे.