कोऱ्या वकीलपत्रावरचा अंगठा

वॉर्डात तिसऱ्या दिवशी जो माणूस आला, त्याच्या एका हातात शहाळं होतं आणि काखेत फाईल. आमच्या बिल्डिंगमधल्या सहा घरांत स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या उजव्या हातात प्लेट घातलेली होती, मांडीत रॉड. नेरुळला एलपीपाशी सर्व्हिस रोडवर मागून आलेल्या गाडीनं त्यांना उडवलं होतं. मुलगा औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खाली-वर पळत होता. गुन्हा नोंदला गेलाय की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. शहाळंवाल्याला ठाऊक होतं. गुन्ह्याचा नंबर, तपास कोणाकडे आहे, गाडीचा विमा कोणत्या कंपनीचा, सगळं. "मावशी, तुम्ही फक्त बऱ्या व्हा, बाकी आम्ही बघतो. आत्ता एक रुपया द्यायचा नाही. पैसे आले की तीस टक्के." उजवा हात बांधलेला म्हणून त्यानं डाव्या हाताचा अंगठा घेतला. वकीलपत्रावर वकिलाच्या नावाची जागा कोरी होती.

मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मावशी मला म्हणाल्या, "ताई, देवासारखा माणूस आला बघा." मला राग आला, पण मावशींचा नाही. त्या तीन दिवसांत त्यांच्या खाटेपाशी कायद्याविषयी बोलायला आलेला तो एकटाच माणूस होता. गाडीवाल्याकडचे आले होते, पण ते चाळीस हजारांत मांडवली करायला.

आता कागदावर काय आहे ते बघा. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२२पासून लागू आहे. तिच्यानुसार अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत दावा प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा. जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील फॉर्म १० दिवसांत द्यायचा. अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १६६(४) सांगतं की, पोलिसांचा हा अहवाल प्राधिकरणानं भरपाईचा अर्ज म्हणूनच हाती घ्यावा. म्हणजे जखमीनं काहीही केलं नाही, नुसता पडून राहिला, तरी त्याचा दावा प्राधिकरणाच्या टेबलावर पोहोचला पाहिजे. कलम १४९ विमा कंपनीला सांगतं की, अधिकारी नेमा आणि ३० दिवसांत तडजोडीची रक्कम देऊ करा. सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०२२ला गोहर मोहम्मद प्रकरणात हे सगळं अमलात आणा, पोलीस ठाण्यांत त्यासाठी वेगळं पथक नेमा, असे आदेश दिले.

मावशींना तो छापील फॉर्म मिळाला नाही. मुलगा पोलीस ठाण्यात विचारायला गेला तेव्हा उत्तर आलं, "वकील लावलाय ना? मग तो बघेल." या एका वाक्यात सगळा धंदा आला. जे काम सरकारी पगारावर व्हायचं, ते करत नाही म्हणून दलालाला जागा होते. आणि दलाल आहेच म्हणून ते काम करायची गरज उरत नाही. दलालाला गुन्ह्याचा नंबर कुठून मिळाला, हे मी लिहीत नाही. पुरावा नाही. तुम्हीही विचार करू शकता.

या दलालांना कायद्याची भीती असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्याचीही गंमत ऐका. १८७९च्या एका इंग्रजी अमदानीतल्या कायद्यात दलालांची यादी न्यायालयानं जाहीर करायची तरतूद होती. २०२३ साली ती उचलून वकील कायद्यात आणली गेली. शिक्षा कमाल तीन महिने कैद, किंवा ५०० रुपये दंड, किंवा दोन्ही. दलाल कुठे कुठे घुटमळतात याचं वर्णनही तिथलंच: न्यायालयाचं आवार, महसूल कचेऱ्या, रेल्वे स्टेशनं, बोटींचे धक्के, मुक्कामाच्या जागा. रुग्णालयाचा उल्लेख नाही. 'इतर सार्वजनिक जागा' या शेपटात ते बसवून घ्यायचं. एका मोठ्या दाव्यातली तीस टक्के म्हणजे लाखांची गोष्ट, आणि दंड पाचशे.

टक्केवारीला तर बंदीच आहे. बार कौन्सिलचा नियम स्वच्छ आहे: निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायचा नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात जे प्रकरण गेलं, त्यातले वकील मुंबईचेच होते. वसुलीतला निम्मा वाटा घ्यायचा करार त्यांनी अशिलाशी केला आणि तो व्यावसायिक गैरवर्तन ठरला. सत्तर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आज ठाण्याच्या किंवा पनवेलच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर उभं राहा आणि अपघाताच्या दाव्यांचा 'रेट' विचारा, कोणी दचकणार नाही.

इथे माझ्या काही वकील मित्रांशी माझं भांडण आहे. ते म्हणतात, टक्केवारी नसेल तर गरिबाची केस लढणार कोण? त्याच्याकडे आगाऊ फी असते का? प्रश्न खरा आहे. केस चार-पाच वर्षं चालते, तोवर टायपिंगपासून डॉक्टरच्या साक्षीपर्यंतचा खर्च वकीलच करतो. मला स्वतःला उघड, लेखी, मर्यादा घातलेली टक्केवारी आजच्या ढोंगापेक्षा बरी वाटते. ब्रिटनमध्ये जखमींच्या दाव्यांत ती कायद्यानं चालते, तिथे वकिलाच्या वाट्याला कमाल मर्यादा आहे. आपण मात्र ती पुस्तकात बंद ठेवली आणि वॉर्डात मोकळी सोडली. जी गोष्ट कागदावर अस्तित्वातच नाही, तिला मर्यादा कोण घालणार? तीसची पस्तीस झाली, चाळीस झाली, तर मावशी तक्रार कुठे करणार? बेकायदा कराराची तक्रार?

आणि मावशींना तीस टक्के द्यायची गरजच नव्हती. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२नुसार स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना, कारखान्यातल्या कामगारांनाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे. फोन नंबर १५१००. मी रुग्णालयाच्या चारही मजल्यांवर भिंती बघत फिरले. थुंकू नका, मोबाईल सांभाळा, बिलाची रक्कम आगाऊ भरा. १५१०० कुठेही नाही. विधी सेवेचे लोक शाळा-कॉलेजांत शिबिरं घेतात, फोटो येतात. खाटेपाशी शहाळं घेऊन जाणारा त्यांचा माणूस का नसावा? आरोपींचा बचाव करायला २०२२पासून पगारी वकिलांची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाली, ते योग्यच झालं. तशीच चार माणसं अपघातग्रस्तांसाठी नेमा. सायन-पनवेल हायवे, पाम बीच, ठाणे-बेलापूर रोड, जेएनपीटीकडे जाणारे कंटेनर-ट्रेलर आणि कळंबोलीला सुरू होणारा एक्सप्रेसवे एवढं सगळं ज्या शहराच्या अंगावरून जातं, तिथे त्यांना काम कमी पडणार नाही.

(नवी मुंबईची आणखी एक गंमत. पोलीस आयुक्तालय एक, पण बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि पुढचं स्टेशन खारघर रायगडात. रस्ता ओलांडला की कोर्ट बदलतं. दावा अपघाताच्या जागी, स्वतः राहतो तिथे किंवा प्रतिवादी असतो तिथे, कुठेही लावता येतो, हे दलाल सांगत नाही. त्याला सोयीचं कोर्ट तो निवडतो.)

मदत नुसती छापून ठेवली की काय होतं, याचा आकडा सर्वोच्च न्यायालयासमोरच आला आहे. ठोकून पळून गेलेल्या गाड्यांच्या बळींसाठी २०२२पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार देणारी योजना आहे. २०२२मध्ये देशात असे ६७,३८७ अपघात झाले. २०२२-२३ या आर्थिक वर्षात अर्ज आले २०५. हजारांत किती हा हिशेबसुद्धा करवत नाही. त्या योजनेत दलालाला खाण्यासारखं फारसं नाही, म्हणून तिथे दलालही फिरकत नाहीत, आणि दलाल नसेल तर कोणीच नसतं.

विमा कंपन्यांचं म्हणणं असतं की दावे खोटे असतात. असतात. उत्तर प्रदेशात खोट्या दाव्यांची चौकशी करायला विशेष पथक नेमावं लागलं. पण खोटा दावा कोण उभा करतो? ज्याच्या हाती वॉर्ड, पोलीस ठाणं आणि कोरी वकीलपत्रं एकत्र आहेत, तोच. खऱ्या जखमीचा दावा पोलिसांच्या अहवालावरून ४८ तासांत कोर्टात नोंदला गेला, तर सहा महिन्यांनी उगवणाऱ्या खोट्याला शिरायला फट राहत नाही. सरकारनं केलं काय, तर १ एप्रिल २०२२पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली, जी १९९४ साली काढून टाकलेली होती. मांडीत रॉड असलेल्या बाईला सहा महिने म्हणजे किती, हे ठरवणाऱ्याला विचारायला हवं. नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका, असं सांगितलं. तोवर दलालाच्या तोंडी ती मुदत म्हणजे धाक होता: "लवकर सही करा, नाहीतर हक्क गेला."

इथवर मी पोलीस, वकील, सरकार यांना शिव्या घातल्या. वाचताना तुम्हाला बरं वाटलं असेल. आता आमच्या बिल्डिंगबद्दल.

मावशी ४३ वर्षांच्या. सहा घरं, प्रत्येकी तीन हजार, महिना अठरा हजार. सगळे रोख, पावती कुठेच नाही. भरपाई ठरते ती उत्पन्नावर. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात न्यायालयानं एक शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे: डॉक्टरनं लिहिलेलं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या एकच गोष्टी नव्हेत. हात गेला तर कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराचं मात्र सगळं जातं. मावशींचा उजवा हात आता पूर्ण वळत नाही. पोळपाटावर जोर देता येत नाही, कुकर उचलता येत नाही. समजा, कमाईचं नुकसान ४० टक्के धरलं. वर्षाचं उत्पन्न २,१६,०००, त्याचे ४० टक्के ८६,४००. सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे ४१ ते ४५ वयाला गुणक १४. झाले १२,०९,६००. उपचार, वेदना, भविष्यातली वाढ हे वेगळं.

यासाठी आम्ही सहा घरांनी एकेक पत्र द्यायचं होतं, आणि लागलंच तर कोर्टात जाऊन सांगायचं होतं की हो, आम्ही इतके पैसे देत होतो. मी दिलं, आणखी दोघांनी दिलं. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "साक्षीला बोलावलं तर सुट्टी कुठून काढू?" दुसऱ्या घरानं विचारलं, "आमच्यावर काही येणार नाही ना? पीएफ वगैरे?" तिसऱ्या बाईंनी मावशींसाठी पाच हजार रुपये काढून दिले आणि म्हणाल्या, "पण माझं नाव नको." ही वाईट माणसं नाहीत. त्यांतल्या दोघांनी ऑपरेशनच्या वेळी रक्त दिलं होतं.

पण हिशेब करू या. सहाऐवजी तीनच घरांचा पुरावा, म्हणजे महिना नऊ हजार. त्याच सूत्रानं रक्कम होते ६,०४,८००. प्राधिकरण तोंडी साक्षीवर अंदाजानं जास्तही धरू शकतं, पण त्याचा भरवसा नाही, आणि विमा कंपनीचा वकील "पावती कुठाय?" एवढंच विचारत राहणार. दलालाचे तीस टक्के म्हणजे बारा लाखांतले ३,६२,८८०. आमच्या तीन घरांचं गप्प बसणं ६,०४,८००. दलालापेक्षा आम्ही महाग पडलो. वर दलालानं निदान शहाळं आणलं होतं.

कोणी म्हणेल, घरकामाला न्यायालय कुठे किंमत देतं? देतं. ५ जानेवारी २०२१च्या कीर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अपघातात गेलेल्या गृहिणीच्या श्रमाचंही पैशांत मोल धरलं, आणि ते धरणं म्हणजे त्या श्रमाचा मान राखणं आहे, अशा आशयाचं लिहिलं. जिला पगार नव्हता तिला कोर्टानं पगार मोजून दिला. मावशींना पगार होता. देणारे हजर होते, तेच लिहून द्यायला तयार नव्हते.

वकीलपत्र आम्ही बदललं, तेही सहज झालं नाही. शहाळंवाल्याचे फोन महिनाभर येत होते, आधी गोड, मग "झालेला खर्च कोण देणार?" असे. आता विधी सेवेकडून मिळालेल्या वकीलबाई आहेत. त्यांना या कामाचं मानधन तुटपुंजं आहे, हातात फाईलींचा गठ्ठा आहे, पण त्या फोन उचलतात. त्यांनी पहिल्याच भेटीत मावशींचं स्वतःचं बँक खातं, पासबुक, आधार तपासलं, कारण रक्कम थेट खात्यात जमा व्हावी हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्येच सांगितलेलं आहे. चेकबुक कोणाकडे आहे, हेही विचारलं. मुलानं मान खाली घातली. सही केलेले दोन कोरे चेक शहाळंवाला घेऊन गेला होता. ते थांबवले.

लोकअदालतीत एकदा बोलावणं आलं. विमा कंपनीनं साडेतीन लाख देऊ केले. "आज घ्या, उद्या काय होईल सांगता येत नाही," असं आजूबाजूचे चार लोक म्हणाले. तिथल्या तडजोडीवर अपील नसतं, हे वकीलबाईंनी मावशींना नीट समजावलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. मावशींनी विचारलं, "ताई, सहा घरांची सहा पत्रं असती तर?" वकीलबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मावशींनी साडेतीन लाख घेतले नाहीत.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्यांकडे मी पुन्हा गेले. पत्र टाईप करून नेलं होतं, फक्त सही हवी होती. ते म्हणाले, ठेवून जा, वाचून बघतो. साक्षीची तारीख पुढच्या महिन्यात आहे.