विकत घेतलेला उजेड

2006 च्या जून महिन्यात पुणे शहर भारनियमनातून मुक्त झाले. वृत्तपत्रांनी स्वागत केले, उद्योगपतींच्या संघटनेने स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि ‘पुणे मॉडेल’ हा शब्द राज्याबाहेरही गाजला. त्याच वर्षी ग्रामीण महाराष्ट्र दिवसाकाठी बारा-बारा तास विजेवाचून काढीत होता. या दोन वस्तुस्थिती निरनिराळ्या मानण्याची सवय पुण्याच्या सुशिक्षित वर्गाला लागली आणि ती अद्याप सुटलेली नाही.

योजना वरकरणी निरुपद्रवी होती. शहराची तूट शंभर मेगावॅटच्या आतबाहेर. पुणे परिसरातील कारखान्यांकडे स्वतःची डिझेल जनित्रे होती. पण त्यांची वीज महाग, म्हणून ती एरवी बंद असत. टंचाईच्या वेळी कारखान्यांनी ती चालवावी, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळावी आणि जादा खर्च महिना 300 युनिटांहून अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी युनिटमागे 42 पैसे देऊन सोसावा, असा हा व्यवहार. ‘सीआयआय’ने तो मांडला आणि महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने त्याला संमती दिली.

समर्थकांचा युक्तिवाद असा की, यात खेड्याचा एक दिवाही विझला नाही. उलट श्रीमंत ग्राहकाने पैसे मोजले आणि झोपडीलाही उजेड मिळाला. हा युक्तिवाद खोटा नाही, अपुरा आहे. राज्यभर तूट असताना जी यंत्रे निजून होती, ती सर्वांसाठी चालवून खर्च सर्व मोठ्या ग्राहकांवर वाटण्याचा अधिकार शासनाने कधी वापरलाच नाही. ती कोणासाठी चालावीत हे पैसे मोजण्याची ऐपत कोणाची, यावरून ठरले. शिवाय राज्यातील सर्वांत बोलक्या शहराची गैरसोय संपताच टंचाईविरुद्धचा आवाजही निम्म्याने खाली आला. ज्यांच्या घरी पंखा फिरतो त्यांना संपादकाला पत्र लिहावेसे वाटत नाही.

भारनियमनाच्या वाटपाचा निकष तर याहून उघड होता. जेथे गळती अधिक व वसुली कमी, तेथे अंधार अधिक! म्हणजे नियमाने बिल भरणाऱ्या शेतमजुराने शेजाऱ्याच्या थकबाकीची आणि मंडळाच्या जुनाट तारांची शिक्षा भोगायची.

आणि ही तूट काही आभाळातून पडली नव्हती. 1993 साली राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला. वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार द्यावाच लागेल, अशी त्यातील अट होती. 1995 साली शिवसेना-भाजप सरकारने तो रद्द केला आणि पुढल्याच वर्षी नव्या रूपात पुन्हा गळ्यात घालून घेतला. ‘समुद्रात बुडवू’ म्हणणाऱ्यांनीच प्रकल्प मोठा केला. 1999 मध्ये वीज सुरू झाली, 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षअखेर एन्रॉनचे दिवाळे निघाले. महागड्या विजेच्या भरवशावर राज्याने स्वतःची उभारणी थंडावू दिली: खापरखेड्याच्या 2001 मधील संचानंतर परळीचा नवा संच 2007 साली आला. डॉ. आंबेडकरांनी 1943 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खात्याचे सदस्य या नात्याने स्वस्त आणि मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण फसेल, असा इशारा दिला होता. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या शासनाने नफ्याची हमी मात्र कंपनीला दिली.

पुण्याला या प्रश्नाची ओळख नवी नाही. 1921 ते 1924 या काळात मुळशी पेट्यातील मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. जमीन त्यांची बुडाली, पाणी कोकणात भिऱ्याला पडले, वीज मुंबईला गेली. त्या वेळीही ‘विकास’ हाच शब्द होता, आणि पुण्याचे सुशिक्षित तेव्हाही एकमुखी नव्हते.

2003 च्या वीज कायद्याने स्पर्धेचे दार उघडले आणि 2005 साली मंडळाचे तुकडे झाले. स्पर्धा कोणत्या ग्राहकासाठी, हे अदानी समूहाने नवी मुंबई, ठाणे, पनवेल भागासाठी समांतर वितरण परवाना मागितला तेव्हा दिसले. परवाना मेळघाटासाठी कोणीच मागितला नाही. मोठा ग्राहक खासगी कंपनीकडे गेला की त्याच्या दरातून शेतकऱ्याला व छोट्या घराला मिळणारा आधारही जातो. मागे राहते ती महावितरणच्या नावावरची तूट. 4 जानेवारी 2023 रोजी वीज कर्मचाऱ्यांनी याविरुद्ध संप पुकारला आणि शासनाच्या आश्वासनानंतर त्याच दिवशी मागे घेतला. त्याआधी, 2022 साली, शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राजू शेट्टी यांच्या संघटनेला कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणे धरावे लागले होते. रात्री सापाच्या भीतीने पाणी धरणारा शेतकरी आणि नोकरीच्या भीतीने संपावर गेलेला वायरमन एकाच कायद्याशी झुंजत होते. पण दोघांच्या सभा वेगळ्या मांडवात झाल्या.

वीजदराच्या प्रस्तावावर आयोग पुण्यातही जनसुनावणी घेतो. तेथे उद्योगांचे वकील आकडे घेऊन येतात. पक्षाच्या शहर शाखेने मुळशी आणि भोरचे शेतकरी व वीज कामगारांचे प्रतिनिधी यांना सोबत घेऊन एकच लेखी हरकत दाखल करावी, आणि तीत शहराच्या दराआधी खेड्याच्या तासांचा हिशेब मागावा.