टिटानो पर्वतावरील चिमुकले राज्य

इटलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी केवळ रोम पाहून परतू नये. टिटानो पर्वतावरील सान मारिनो हे अवघ्या ६१ चौरस किलोमीटरांचे स्वतंत्र प्रजासत्ताक अवश्य पाहावे, असे आमचे मत आहे. १७९७ साली नेपोलियनने अधिक मुलूख देऊ केला असता येथील लोकांनी तो घेतला नाही! आमच्या नागपूरकर भोसल्यांनी कटकापर्यंत राज्य वाढविले. ते कटक १८०३ सालच्या देवगावच्या तहात गेले, आणि १८५४ साली नागपूरही खालसा झाले. मुलूख नाकारण्यास कोणी भित्रेपणा म्हणतील. आम्ही म्हणणार नाही. कारण महायुद्धात, १९४४ साली, सुमारे पंधरा हजार वस्तीच्या याच राज्याने जवळजवळ एक लाख निर्वासितांस आसरा दिला. रिमिनीहून वर जाताना त्या युद्धात पडलेल्या हिंदी सैन्यातील गुरखा शिपायांची दफनभूमी लागते. तेथे आपल्याकडील प्रवाशाने क्षणभर थांबावे.