मेटल डिटेक्टर घेताना

सलालाहला नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याचा परवा फोन आला. "मामा, दुकानातला सर्वांत महाग मेटल डिटेक्टर घेतला, पण समुद्रकाठी नेला की सारखा ओरडतो. बिघडलाय वाटतं."

यंत्र बिघडलेले नव्हते. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून ओली वाळूच त्याला धातूसारखी भासते. एकाच कंप्रतेवर चालणारी यंत्रे तेथे फसतात. अनेक कंप्रतांची किंवा पल्स पद्धतीची यंत्रे टिकतात. आपल्या मॉरिशसच्या वाचकांची अडचण आणखी वेगळी. आपला दगड सह्याद्रीसारखाच काळा बेसाल्ट, आणि त्यातले लोहकणही यंत्राला उगाच बोलावयास लावतात. तेव्हा किंमत पाहण्याआधी, जमिनीशी जुळवून घेण्याची सोय यंत्रात आहे की नाही ते पाहावे.

भाच्याला मात्र मी बजावले, की यंत्र घेऊन डोंगराकडे फिरकायचे नाही. सलालाह ही धोफार प्रांताची राजधानी. तेथे 1965 ते 1975 या काळात युद्ध झाले आणि दोन्ही बाजूंनी सुरुंग पेरले. जून ते सप्टेंबर तेथे आपल्याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो. त्याला तेथे खरीफ म्हणतात. (महाराष्ट्रातला शेतकरी खरीप म्हणतो, तोच हा शब्द.) त्या पावसात उतारावरची माती सरकते, आणि मातीबरोबर सुरुंगही. ओमान 2014 साली सुरुंगबंदीच्या करारात सामील झाला.

काही सुरुंगांचे कवच प्लास्टिकचे असते. धातू काय ती सुईएवढी. म्हणून सुरुंग काढणारा माणूस कामाला लागण्यापूर्वी रोज ठरावीक आकाराचा धातूचा तुकडा ठरावीक खोलीवर ठेवून यंत्र तपासतो. यंत्र गप्प राहिले, तर त्या दिवशी ते बाजूला. काल चालले होते, ही सबब तेथे चालत नाही.

घरच्या यंत्रालाही हीच रीत लावावी. रुपयाचे नाणे चार बोटे खोल पुरून आधी पाहावे. समुद्रावरून आल्यावर यंत्राची थाळी गोड्या पाण्याने धुवावी. डबा जलरोधक नसेल तर त्याला पाणी लावू नये. थाळीची तार दांड्याला घट्ट गुंडाळावी, सैल तार हलली की खोटे आवाज येतात. यंत्र ठेवून देताना बॅटऱ्या काढाव्यात. आपल्या उकाड्यात त्या पाझरतात आणि आतले जोड खातात.

आपल्या ज्या मंडळांनी उत्सवाच्या वेळी दाराशी वापरण्यासाठी असे यंत्र घेतले असेल, त्यांनी ते शेवटचे कधी तपासले, हे येत्या सभेत सभासदांनी अवश्य विचारावे.